दुसऱ्या प्रोसेसरची गोष्ट : सी-डॅकची वाटचाल

दिल्ली मेट्रोची निळी मार्गिका करोल बागेवरून पुढे जाते, यमुना ओलांडते आणि ९ मार्च २०१९ पासून थेट नोएडाच्या सेक्टर ६२ मध्ये पोहोचते. त्या सेक्टरमध्ये दोन सरकारी संस्था आहेत. एक राष्ट्रीय मध्यम अवधी हवामान अंदाज केंद्र आणि दुसरी सी-डॅक, म्हणजेच प्रगत संगणन विकास केंद्र, या संस्थेची नोएडा शाखा. सी-डॅकचे मुख्य केंद्र पुण्यात. दोन्ही संस्थांचा जन्म १९८७-८८ च्या सुमारास, जवळजवळ एकाच व्यवहारातून झाला. त्या व्यवहारात वाद होता तो दुसऱ्या प्रोसेसरचा.

गेमिंगचा शौक असलेल्या मंडळींना, ती करोल बागेतली असोत वा कोथरूडची, एक प्रश्न अनेक वर्षे छळत आला. एकाच पाटीवर दोन चिपा बसवलेले, सर्वांत महाग असे ग्राफिक्स कार्ड घेणे परवडते का? दोन चिपा म्हणजे दुप्पट वेग, हे गणित दुकानात सोपे वाटते. सी-डॅकने आजवर हेच गणित सोडवले आहे. ते कुठे सुटते आणि कुठे चुकते याची नोंद या संस्थेच्या वाटचालीत टप्प्याटप्प्याने सापडते.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर पावसाचा अंदाज अधिक नेमका वर्तवता यावा यासाठी भारताने अमेरिकेकडे क्रे कंपनीचा महासंगणक मागितला. मागणी ‘एक्स-एमपी २४’ची होती. या नावातला पहिला आकडा प्रोसेसरांचा, दुसरा स्मृतीचा. म्हणजे दोन प्रोसेसर आणि चाळीस लाख शब्दांची स्मृती. प्रदीर्घ वाटाघाटींनंतर मंजूर झाला तो ‘एक्स-एमपी १४’. स्मृती तेवढीच, प्रोसेसर मात्र एक. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेला हवा असलेला क्रे तर मिळालाच नाही. असे यंत्र अण्वस्त्रांच्या आणि क्षेपणास्त्रांच्या आकडेमोडीला वापरले जाईल, ही अमेरिकेची भीती होती. एका प्रोसेसरचा तो क्रे दिल्लीत लोदी रोडच्या मौसम भवन परिसरात आला आणि हवामान केंद्राच्या कामी लागला. न मिळालेल्या यंत्राची जागा भरून काढण्याचे काम पुण्याकडे आले.

मार्च १९८८ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने सी-डॅकची स्थापना केली. विभागाचे सचिव के. पी. पी. नंबियार यांनी या कल्पनेचा पाठपुरावा केला होता. संचालकपदाची धुरा डॉ. विजय भटकर यांच्याकडे आली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा हे त्यांचे गाव. अभियांत्रिकीचे शिक्षण नागपुरात आणि पीएच.डी. आयआयटी दिल्लीची, त्यामुळे दिल्ली त्यांना परकी नव्हती. संस्थेला मुदत मिळाली तीन वर्षांची आणि निधी ३० कोटी रुपयांचा. परदेशातून एक महासंगणक विकत आणायला साधारण जेवढा पैसा आणि वेळ लागला असता, तेवढ्यातच तो इथे घडवून दाखवायचा होता. लक्ष्य होते सेकंदाला शंभर कोटी गणितांचे, म्हणजे एक गिगाफ्लॉपचे.

क्रेसारखा एकच प्रचंड वेगवान प्रोसेसर बनवणे त्या वेळी देशाच्या आवाक्यात नव्हते. उरलेला मार्ग एकच, बाजारात मिळणाऱ्या साध्या चिपा मोठ्या संख्येने जोडायच्या आणि काम त्यांच्यात वाटून द्यायचे. ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीची ‘टी ८००’ ही ट्रान्सप्यूटर चिप यासाठी निवडली गेली. एकटी पाहिली तर ती क्रेपुढे अगदी किरकोळ. तिचे वैशिष्ट्य वेगात नव्हते. शेजारच्या चिपांशी थेट बोलण्यासाठी चार दुवे तिच्या अंगातच कोरलेले होते. दुसऱ्या चिपेला जोडले जाण्यासाठीच ती जन्मली होती. पुढे आलेल्या दुहेरी ग्राफिक्स कार्डांची कहाणी वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा.

या वाटेवर सी-डॅक एकटे नव्हते. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने १९८६ मध्येच ‘फ्लोसॉल्व्हर’ उभा केला होता. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने १९९१ मध्ये ‘अनुपम’ आणला. देशाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत, निरनिराळ्या गरजांपोटी, अनेक हात त्याच विचारापाशी पोहोचत होते.

१९९० मध्ये झुरिकच्या प्रदर्शनात ‘परम’चा नमुना मांडला गेला आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ प्रत्यक्ष उभा राहिला. त्याच सुमारास एक संच मॉस्कोलाही रवाना झाला. मुदत आणि निधी यांच्या चौकटीत काम पुरे करणारा सरकारी प्रकल्प, एवढ्यावरही त्याचे कौतुक झाले असते.

मात्र त्या यशामागची अडचण झाकून ठेवण्यात अर्थ नाही. समांतर यंत्राचा कागदावरचा कमाल वेग आणि प्रत्यक्ष कामातला वेग यांत मोठी दरी असते, आणि परमही त्याला अपवाद नव्हता. एका प्रोसेसरसाठी लिहिलेला जुना प्रोग्रॅम तसाच चढवला तर बाकीचे प्रोसेसर रिकामे बसत. प्रोग्रॅमांची नव्याने मांडणी करावी लागे, कामाचे तुकडे पाडावे लागत, कोणता तुकडा कुणाची वाट पाहील ते ठरवावे लागे. त्यासाठी सी-डॅकने ‘परस’ नावाचे प्रोग्रॅमिंगचे वातावरण विकसित केले. पाटीवर चिपा बसवण्याइतकेच, किंबहुना त्याहून अवघड, काम हे होते. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्येच त्याची मर्यादा दाखवून दिली होती. कामाचा दहावा हिस्सा वाटता येण्याजोगा नसेल, तर दोन प्रोसेसरांनी वेग दुप्पट होत नाही, १.८ पटीच्या आसपास अडतो. प्रोसेसर हजार लावले तरी तो दहापटीच्या पुढे जात नाही. पंगतीत वाढपी दुप्पट केले तर वाढणे लवकर उरकते, भात शिजायला मात्र तेवढाच वेळ लागतो.

याच काळात संस्थेने एक वेगळे कार्डही घराघरांत नसले तरी कचेऱ्याकचेऱ्यांत पोहोचवले. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जिस्ट’ हे तंत्र विकसित केले होते. या नावातला पहिला शब्द ‘ग्राफिक्स’च आहे. १९८८ मध्ये हे काम पुण्याला सी-डॅकमध्ये आले. जिस्ट कार्ड संगणकात खोचले की डॉसवर चालणाऱ्या इंग्रजी प्रोग्रॅमांत देवनागरीसह भारतीय लिप्या पडद्यावर उमटू लागत. अक्षरांच्या संकेतांसाठी ‘इस्की’ हे मानक १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने स्वीकारले, त्यामागेही हीच मंडळी होती. आपल्या भाषेतला मजकूर संगणकाच्या पडद्यावर पहिल्यांदा पाहण्याचा आनंद मराठी आणि हिंदी कारकुनांना या कार्डाने दिला. हे कार्ड फार टिकले नाही. आधी तेच काम सॉफ्टवेअर करू लागले, मग युनिकोड आले, विंडोज २००० मध्ये देवनागरी आतूनच मिळू लागली आणि वेगळ्या पाटीची गरज संपली. कार्ड मागे पडले, त्यातले ज्ञान पुढे गेले. खोचायच्या कार्डांचे आयुष्य बहुधा असेच असते.

नव्वदचे दशक पायरीपायरीने गेले. इनमॉसची पुढची चिप ‘टी ९०००’ रखडली आणि एकाच परक्या कंपनीवर विसंबण्याचा धोका समोर आला. ‘परम ८६००’ मध्ये इंटेलचा आय ८६० जोडीला आला. ‘परम ९०००’ ची रचना अशी केली गेली की प्रोसेसर बदलला तरी सांगाडा टिकावा. १९९३ मध्ये प्रगत संगणनाचे प्रशिक्षण देणारी शाळा सुरू झाली. तिच्या पदविका अभ्यासक्रमांतून बाहेर पडलेल्या तरुणांनी देशातल्या सॉफ्टवेअर उद्योगाला मनुष्यबळ पुरवले. १९९८ मध्ये ‘परम १००००’ आला. डिसेंबर २००२ मध्ये मुंबईची एनसीएसटी ही सॉफ्टवेअर तंत्रज्ञानाची संस्था आणि ईआरअँडडीसीआय या इलेक्ट्रॉनिक्स संशोधन संस्थेची केंद्रे सी-डॅकमध्ये विलीन झाली आणि नोएडाची शाखा संस्थेला लाभली ती याच विलीनीकरणातून. बंगळूरला उभारलेला ‘परम पद्म’ जून २००३ च्या जागतिक ‘टॉप ५००’ यादीत १७१ व्या स्थानी होता.

महासंगणकांचा हा प्रवास सुरू असतानाच जोडणीचा मोह घरगुती संगणकापर्यंत पोहोचला होता. एटीआय कंपनीने १९९९ मध्ये ‘रेज फ्युरी मॅक्स’ आणले, एका कार्डावर दोन चिपा. विंडोज २००० आले तेव्हा त्यावर दोन्ही चिपा एकत्र चालेनात. घेणाऱ्याच्या पदरी दुपटीच्या कार्डातली एकच चिप उरली. पुढच्या वर्षी थ्रीडीएफएक्सने दोन चिपांचे ‘व्हूडू ५ ५५००’ विकले, चार चिपांचे ‘६०००’ मात्र बाजारात येण्याआधीच कंपनीने डिसेंबर २००० मध्ये आपली मालमत्ता एनव्हिडियाला विकायला काढली. पुढे हा वारसा एनव्हिडिया आणि एएमडी यांनी चालवला. २००९ चे ‘जीटीएक्स २९५’ आणि ‘एचडी ५९७०’, २०१२ चे ‘जीटीएक्स ६९०’, २०१४ चे ‘आर९ २९५एक्स२’ आणि ‘टायटन झेड’, २०१६ चे ‘रेडिऑन प्रो ड्युओ’ ही त्यातली ठळक नावे.

यांतली सगळीच कार्डे वाया नव्हती. ‘एचडी ५९७०’ ५९९ डॉलरला मिळत होते. त्याच पिढीतली ‘५८७०’ची दोन कार्डे घेतली तर ७५८ डॉलर पडत. वेग थोडा उतरवलेला असला तरी हिशेब खरेदीदाराच्या बाजूने होता. ‘जीटीएक्स ६९०’ ९९९ डॉलरचे, म्हणजे ४९९ च्या दोन ‘६८०’ कार्डांइतकेच. २०१४ मध्ये मात्र तोल गेला. ‘२९५एक्स२’ची किंमत १,४९९ डॉलर होती, तर त्यातलीच चिप असलेले ‘२९०एक्स’ बाजारात आले तेव्हा ५४९ ला होते. ‘टायटन झेड’ची किंमत २,९९९ डॉलर आणि ‘टायटन ब्लॅक’ ९९९ ला. जोडणीचे म्हणून कंपनीने हजार डॉलर जास्त लावले, असेच म्हणावे लागते. हे अमेरिकेतले भाव होते. दिल्लीच्या दुकानापर्यंत येताना त्यावर कर आणि मध्यस्थांचा नफा चढत असे.

किमतीपेक्षा मोठी अडचण कामाच्या वाटणीत होती. या कार्डांवर बहुतेक गेम चालत ते आळीपाळीने. एक चित्र पहिली चिप काढणार, पुढचे दुसरी. सेकंदाला ६० चित्रे निघत आहेत असा आकडा पडद्यावर दिसे, पण दोन चित्रे लागोपाठ येत आणि तिसऱ्यासाठी किंचित थांबावे लागे. डोळ्याला ते अडखळणे जाणवे. २०१३ मध्ये मोजमापाची नवी साधने आली तेव्हा ही गोष्ट आकड्यांत सिद्ध झाली आणि एएमडीला ड्रायव्हरमध्ये सुधारणा करावी लागली. प्रत्येक नव्या गेमसाठी ड्रायव्हरमध्ये वेगळी तजवीज लागे. ती नसेल तर दुसरी चिप नुसती तापत बसे. स्मृतीचेही तसेच. ‘६९०’ च्या खोक्यावर चार जीबी लिहिलेले असे, पण दोन्ही चिपांना तोच मजकूर आपापल्या दोन जीबीत ठेवावा लागे, त्यामुळे गेमच्या वाट्याला दोनच जीबी येत. ‘२९५एक्स२’ एकटे ५०० वॅट वीज मागे आणि त्याला पाण्याने थंड करण्याची सोय कारखान्यातूनच जोडून यावी लागे. मे महिन्यातल्या दिल्लीत असे कार्ड पेटीत ठेवणे म्हणजे खोलीत हीटर लावण्यासारखेच होते. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर ते चालवण्याचा विचारही करू नये.

२०१६ च्या मे महिन्यात एका चिपेचे ‘जीटीएक्स १०८०’ ५९९ डॉलरला आले. त्याला लागणारी वीज १८० वॅट. ‘६९०’ ला त्याने प्रत्येक बाबतीत मागे टाकले. हे नेहमीचेच झाले होते. दोन चिपांनी आज मिळणारा वेग एकच चिप दीड-दोन पिढ्यांत, कमी विजेत आणि कमी कटकटीत देत असे. एनव्हिडियाने २०२१ च्या सुरुवातीपासून दोन कार्डे जोडून गेम चालवण्याच्या नव्या तजविजी बंद केल्या आणि गेमिंगपुरता हा अध्याय संपला. वापरलेल्या मालाच्या बाजारात आज असे एखादे कार्ड स्वस्तात दिसले, तरी खेळासाठी ते घेऊ नये. नवे ड्रायव्हर त्यांना मिळत नाहीत.

तरीही दुहेरी चिप सरसकट टाकाऊ ठरत नाही. करोल बाग हा दागिन्यांचा मोठा बाजार आहे. सांगली जिल्ह्यातून देशभर पसरलेल्या, सोने-चांदी गाळणाऱ्या गलाई व्यावसायिकांनाही तो परिचित आहे. दागिन्याचा नमुना हल्ली संगणकावर आखला जातो आणि हिऱ्यातून फिरणाऱ्या प्रकाशासह त्याचे चित्र काढले जाते. त्या कामात चित्राचे हजारो तुकडे एकमेकांची वाट न पाहता सुटे सोडवता येतात. तिथे दुसरी चिप जवळजवळ पुरा मोबदला देते. २०१४ सालचाच पुरावा पाहावा. ‘टायटन झेड’ गेमवाल्यांनी नाकारले. त्याच वर्षी त्याच कंपनीने ‘टेस्ला के ८०’ आणले, तेही दोन चिपांचे, २४ जीबी स्मृतीचे. ते विदागारांत आणि भाड्याने मिळणाऱ्या क्लाउड संगणकांत वर्षानुवर्षे राबले. फरक पडला तो वाटून देता येण्याजोग्या कामामुळे.

सी-डॅकची पुढची पावले या जाणिवेनेच पडली. मधल्या काळात पुण्यातच टाटा समूहाच्या संगणन प्रयोगशाळेने ‘एका’ उभारला आणि नोव्हेंबर २००७ मध्ये तो जगात चौथा आला. हा मान सी-डॅकचा नव्हता, पण समांतर संगणन जाणणारी माणसे पुण्यात होती आणि त्या जाणतेपणाची पायाभरणी सी-डॅकने केली होती. २००८ मध्ये ‘परम युवा’ आला. फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या ‘परम युवा २’ ने कमाल वेग ५२४ टेराफ्लॉपवर नेला. खर्च सुमारे १६ कोटी रुपये, उभारणीला तीन महिने, आणि वीज आधीच्या व्यवस्थेपेक्षा ३५ टक्क्यांनी कमी. या यंत्रात प्रोसेसरांच्या जोडीला इंटेलची ‘झिऑन फाय’ ही कार्डे होती. त्यांचे मूळ ‘लॅराबी’ या इंटेलच्या ग्राफिक्स कार्डात होते. ते ग्राफिक्स कार्ड बाजारात कधी आलेच नाही. त्याचा वंशज पुण्यात विज्ञानाची गणिते सोडवू लागला.

२०१५ मध्ये केंद्र सरकारने ४,५०० कोटी रुपयांचे राष्ट्रीय महासंगणन अभियान मंजूर केले आणि ते राबवण्याची जबाबदारी सी-डॅक व भारतीय विज्ञान संस्था यांच्यावर सोपवली. बनारसचा ‘परम शिवाय’, पुण्याच्या आयसरमधला ‘परम ब्रह्म’ ही त्यातली आरंभीची यंत्रे. २०२० मध्ये आलेल्या ‘परम सिद्धी’ मध्ये ४२ संच आहेत आणि प्रत्येकात एनव्हिडियाच्या आठ ए १०० चिपा, म्हणजे एकूण ३३६. नोव्हेंबर २०२० च्या यादीत त्याचा क्रमांक ६३ वा होता आणि मोजलेला वेग ४.६ पेटाफ्लॉप. या चिपा ग्राफिक्सच्याच कुळातल्या, पण आळीपाळीने चित्र काढण्याची कसरत इथे नाही. त्यांच्यातली प्रत्येक चिप आपल्या सगळ्या दुव्यांवरून मिळून सेकंदाला ६०० जीबीपर्यंत वाहतूक करते आणि त्यांच्यावर चालणारे प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून वाटणी गृहीत धरून लिहिलेले असतात. जून २०२३ च्या यादीत पुण्याचाच ‘ऐरावत’ ७५ व्या स्थानी आला.

२६ सप्टेंबर २०२४ रोजी तीन ‘परम रुद्र’ राष्ट्राला अर्पण झाले. एक पुणे जिल्ह्यातील महाकाय मीटरलहरी दुर्बिणीसाठी, एक कोलकात्याच्या सत्येंद्रनाथ बोस केंद्रासाठी आणि तिसरा दिल्लीच्या आंतर-विद्यापीठ त्वरक केंद्रासाठी. तिघांचा मिळून खर्च १३० कोटी रुपये. त्यांत वापरलेले ‘रुद्र’ सर्व्हर सी-डॅकने रचले आहेत. त्याच दिवशी सेक्टर ६२ च्या हवामान केंद्राला ‘अरुणिका’ हा महासंगणक मिळाला. या केंद्राकडे २०१८ पासून ‘मिहीर’ होताच, आणि तो क्रे कंपनीचा होता. ऐंशीच्या दशकात एक जादा प्रोसेसर द्यायला जिथे खळखळ झाली, तिथे प्रोसेसरांच्या संख्येवर आता कुणाचा आक्षेप नव्हता.

जगभरात चिपांच्या जोडणीला पुन्हा मान मिळतो आहे. मार्च २०२४ मध्ये जाहीर झालेल्या एनव्हिडियाच्या ‘बी २००’ मध्ये दोन तुकडे सेकंदाला दहा टेराबाइटच्या दुव्याने जोडलेले आहेत आणि प्रोग्रॅमला ते एकच चिप म्हणून दिसतात. ‘रेज फ्युरी मॅक्स’ला जे साधले नाही ते साधायला पाव शतक लागले. सी-डॅकनेही स्वतःचा प्रोसेसर आखला आहे. त्याचे नाव ‘ॐ’. त्यात आर्म पद्धतीची ९६ गाभाकेंद्रे आहेत, पाच नॅनोमीटर तंत्रासाठी रचना केलेली, आणि ती एका अखंड तुकड्यावर नाहीत. ४८ गाभाकेंद्रांचे दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवून ती जोडलेली आहेत.